मदत हवी आहे: वर्डप्रेसमधील ॲडमिन मेनूचा क्रम

नमस्कार मंडळी,

फोंडा तालुक्यातील आमच्या देवस्थानाचे संकेतस्थळ वर्डप्रेसवर (संकेतस्थळ चालवण्याची प्रणाली) आहे आणि त्यात 'उत्सव' नावाचा स्वतंत्र पोस्ट टाईप (मजकुराचा वेगळा प्रकार) मी केला आहे. मजकूर भरणारे आमचे कारकून काका एडिटर या भूमिकेतून आत येतात. त्यांना 'उत्सव' हा मेनू थेट कमेंट्सच्या खाली दिसतो, त्यामुळे गेल्या जत्रेची सूचना त्यांनी चुकून 'पोस्ट'मध्ये टाकली आणि पालखीची वेळ उत्सवांच्या पानावर आलीच नाही. दोष त्यांचा नाही, मांडणीचा आहे.

'कस्टम_मेनू_ऑर्डर' या फिल्टरमधून (वर्डप्रेसचे मूल्य आपल्या कोडने बदलण्याची सोय) 'ट्रू' परत करून आणि 'मेनू_ऑर्डर'मध्ये यादी देऊन मी मुख्य मेनूंचा क्रम बदलला. सुरुवातीला 'उत्सव' जागचा हलेना, कारण मी यादीत नुसते नाव लिहिले होते. 'एडिट डॉट पीएचपी'पासूनचा पूर्ण स्लग (मेनूची अंतर्गत ओळख) दिल्यावर तो वर सरकला. 'टूल्स' मी 'रिमूव्ह_मेनू_पेज'ने काढले आहे, मात्र त्याने मेनू फक्त लपतो, थेट पत्ता टाकल्यास पान उघडते, हे मला ठाऊक आहे.

अडचण उपमेनूची आहे. 'उत्सव'खाली 'नवीन जोडा' सर्वांत वर हवे, पण 'मेनू_ऑर्डर' उपमेनूंना लागू होत नाही. त्यासाठी 'सबमेनू' हा ग्लोबल ॲरे (उपमेनूंची सामायिक यादी) 'ॲडमिन_मेनू' हुकवर (मेनू तयार होताना आपला कोड चालवण्याची जागा), प्रायॉरिटी 999 ठेवून, म्हणजे इतरांनंतर, थेट बदलणे योग्य आहे का? आणि हा बदल केवळ एडिटरपुरता ठेवायचा असल्यास भूमिकेचे नाव तपासावे की एखादी कॅपॅबिलिटी (विशिष्ट काम करण्याची परवानगी)? हा कोड मी थीममध्ये न ठेवता छोट्या प्लगइनमध्ये ठेवला आहे.