आजोबांची १९६८ची एफसी-१५० पिकअप घरच्या शेडमध्ये दुरुस्त करायची आहे : केबिन उतरवावी का, आणि मूळ पेट्रोल इंजिन ठेवावे का?

निफाडची_शेड

नमस्कार. निफाडजवळ आमची द्राक्षबाग आहे. बागेच्या कडेला खताची पोती ठेवण्यासाठी बांधलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये आजोबांची महिंद्रा एफसी-१५० ही पिकअप १९९५ पासून उभी आहे. महिंद्राने ही गाडी भारतात १९६५ पासून बनवायला घेतली आणि आजोबांनी १९६८ मध्ये ती नवी खरेदी केली. लासलगावच्या बाजारात कांदा नेण्यापासून गावातल्या अडलेल्या बाळंतिणीला मध्यरात्री नाशिकला पोहोचवण्यापर्यंत सगळी कामे तिने केली. आजोबा गेल्यानंतर भंगारवाला दोनदा दारात आला आणि वडिलांनी त्याला दोन्ही वेळा परत पाठवले. आता वडिलांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे, आणि त्यांनी एकदा तरी ती पुन्हा चालवावी अशी माझी फार इच्छा आहे.

ज्यांनी ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो : तिला पुढे नाक नाही. केबिन थेट पुढच्या आसावर बसते, आणि इंजिन केबिनच्या आत, दोन सीटच्या मधल्या लोखंडी पेटीखाली असते.

सध्याची स्थिती अशी आहे. चेसिसवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, हातोडी मारून पाहिली तर आवाज खणखणीत येतो. मात्र केबिनच्या तळाचे कोपरे, पायदाने आणि माल ठेवायच्या हौद्याचा पुढचा पत्रा गंजून गेला आहे. हौद्याचा मागचा फाळका शाबूत आहे. इंजिन जाम आहे, ब्रेकचे पेडल थेट तळाला जाते आणि वायरिंग उंदरांनी खाल्ले आहे. माझ्याकडे वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, लहान कॉम्प्रेसर आणि शेडच्या गर्डरला टांगलेला दोन टनी चेनब्लॉक आहे. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी काम करणार आहे.

माझ्यापुढे दोन प्रश्न आहेत. केबिन चेसिसवरून पूर्ण उतरवावी, की जागेवरच पत्र्याचे काम करावे? आणि दुसरा, जो मला जास्त छळतो : गावातले मिस्त्री म्हणतात की पेट्रोल इंजिन काढून जीपचे डिझेल इंजिन बसवा, नाहीतर ही गाडी तुम्हाला परवडणार नाही. त्यांचे ऐकावे का?

उद्यमनगरचा_फिटर

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात बरीच वर्षे इंजिने बांधली आहेत आणि त्यांत हे इंजिन अनेकदा हातांखालून गेले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमच्या गाडीतले इंजिन म्हणजे विलीस कंपनीचे ‘हरिकेन’. चार सिलिंडर, २१९९ सीसी, मिनिटाला ४००० फेऱ्यांना ७५ अश्वशक्ती. याची रचना आजच्या मिस्त्रींना चकवते, कारण आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आहेत आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला.

जाम इंजिनाला कधीही स्टार्टर मारू नका आणि गाडी ओढून गिअरमध्ये टाकू नका. चारही प्लग काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धे डिझेल व अर्धे पॉवर स्टिअरिंगचे पातळ लाल तेल असे मिश्रण अर्धा कप ओता. दर दोन दिवसांनी पाहा. पातळी उतरली असेल तर पुन्हा भरा. आठ-दहा दिवसांनी फ्लायव्हीलच्या दात्यांवर पान्हा लावून हलक्या हाताने आधी एका दिशेला आणि मग दुसऱ्या दिशेला दाब द्या. केसभर जरी हलले तरी तिथेच थांबा, पुन्हा तेल भरा. घाई करणाऱ्याच्या हाती वाकलेला कनेक्टिंग रॉड येतो. हे तेल शेवटी खाली चेंबरमध्ये उतरते, त्यामुळे पुढे इंजिन सुरू करण्यापूर्वी खालचे सगळे तेल काढून टाकावे लागेल.

हेड काढताना एक गोष्ट जपा. या इंजिनात हवेचा मार्ग हेडमध्येच ओतलेला आहे, आणि हेडचा एक बोल्ट कार्ब्युरेटरच्या बरोबर खाली, त्या मार्गाच्या आत दडलेला असतो. कार्ब्युरेटर उतरवल्याशिवाय तो दिसतच नाही. सगळे बोल्ट सुटले असे समजून पहार घालणाऱ्यांनी फोडलेली हेडे मी स्वतः पाहिली आहेत. परत बसवताना हेडचे बोल्ट ६० ते ७० फूट-पौंडांवर, मधून बाहेर अशा क्रमाने आणि तीन टप्प्यांत आवळा.

हेड निघाल्यावर ब्लॉकमधल्या व्हॉल्व्हची बैठक आणि सिलिंडर यांच्या मधली चिंचोळी जागा रॉकेलने स्वच्छ करून भिंगाने तपासा. भेग गेली तर तिथेच जाते. ब्लॉक चांगला असेल तर बोअर मोजून घ्या. सिलिंडरचा मूळ व्यास ७९.४ मिलिमीटर आहे आणि मोठ्या मापाचे पिस्टन टाकता येतात. अगदीच झिजला असेल तर आत स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, टाकता येते. इंजिन बांधून झाल्यावर थंड असताना वरच्या व्हॉल्व्हला १८ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि खालच्याला १६ थाऊ अंतर ठेवा, डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटला २० थाऊ. फायरिंगचा क्रम १-३-४-२.

केबिनबद्दल माझे मत सरळ आहे : उतरवा. या गाडीत इंजिनापर्यंत नीट पोहोचण्यासाठी तुम्हाला ती उचलावीशी वाटणारच, आणि तळाचा पत्रा खालून उलटा पडून जोडण्यापेक्षा केबिन लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) ठेवून जोडणे कितीतरी सुरक्षित असते. फक्त उचलण्याआधी दरवाजांच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी अँगल वेल्डिंगच्या टाक्यांनी पक्के करा. तळ गेलेली केबिन आधाराशिवाय उचलली तर ती वाकते आणि मग दरवाजे आयुष्यभर बसत नाहीत.

डिझेलच्या प्रश्नावर मी इतकेच म्हणेन की हे इंजिन दुरुस्त होण्याजोगे आहे की नाही हे कळण्याआधीच ते काढून टाकण्याचा निर्णय घेऊ नका.

पत्राकाम_ठाणे

फिटरकाकांनी इंजिनाचे सांगितले आहे, मी पत्र्याचे सांगते. आमच्या घरच्या जुन्या जीपचे सगळे पत्राकाम मी गेल्या तीन वर्षांत इमारतीच्या आवारात केले आहे.

एकही नट सोडण्याआधी मापे घ्या. दरवाजाच्या फटी, चौकटीचे कर्ण, केबिन आणि हौदा यांतले अंतर हे सगळे वहीत लिहा आणि फोटो काढा. सुटलेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागेचे नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवा. सहा महिन्यांनी आपल्याला काहीही आठवत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

गंजलेला पत्रा वरून लांबी (पुटी) भरून झाकू नका. जिथे स्क्रू ड्रायव्हर आरपार जातो त्याच्या दोन बोटे पलीकडे, म्हणजे निरोगी धातू लागेपर्यंत कापा आणि तिथे १८ गेजचा नवा तुकडा बसवा. तुमच्या साध्या वेल्डिंग मशीनने हा पातळ पत्रा जळून भोके पडतील. सीओटू वेल्डिंग मशीन भाड्याने घ्या. सलग शिवण न मारता दूर-दूर टाके द्या आणि प्रत्येक टाका थंड होऊ द्या, नाहीतर उष्णतेने पत्र्याला पोक येतो.

लहान सुट्या भागांचा गंज काढायला वीज वापरता येते. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी घेऊन त्यात लिटरमागे चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा, गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाच्या सळ्या धन टोकाला जोडा. भाग आणि सळ्या एकमेकांना टेकू देऊ नका. रात्रभरात गंज सुटतो आणि चांगला धातू झिजत नाही. सळी म्हणून स्टेनलेस स्टील कधीही वापरू नका, कारण त्यातून क्रोमियमचे विषारी संयुग पाण्यात उतरते. शिवाय या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे हे काम उघड्यावर करा आणि जवळ ठिणगी नको.

त्या काळच्या रंगांत शिसे असे, म्हणून जुना रंग कोरडा घासू नका. पाणी लावून घासा, मास्क वापरा आणि घरातल्या मुलांना त्या शेडपासून लांब ठेवा. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, तेव्हा ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. पेट्रोलची टाकी रिकामी दिसत असली तरी आत वाफ असते. तिला घरी वेल्डिंग करण्याचा विचारही करू नका.

रंग अगदी शेवटी. उघड्या धातूवर आधी इपॉक्सी प्रायमर, गरज असेल तिथे पातळ लांबी, मग रंग. दोन घटकांचे चकचकीत रंग फवारताना निघणारी आयसोसायनेटची वाफ साध्या मास्कने अडत नाही. ते काम रंगाच्या भट्टीवाल्याकडे द्या, किंवा घरी करायचे असेल तर साधा सिंथेटिक इनॅमल वापरा. १९६८च्या मालवाहू गाडीला तोच जास्त शोभतो.

सावंतवाडी_चढउतार

मी माझ्या जीपमध्ये पेट्रोल काढून डिझेल इंजिन बसवले आणि बारा वर्षे वापरले, म्हणून दुसरी बाजू मांडतो. रोज माल वाहायचा असेल, तर मिस्त्रींचा हिशेब चुकीचा नाही. डिझेलने माझा इंधनाचा खर्च खरोखर कमी झाला. पण त्याची किंमतही मोजावी लागली. त्या इंजिनाच्या कंपनाने माझ्या चेसिसवरचे माउंटिंग दोनदा तडकले. ते पेट्रोल इंजिनाइतके वेगाने फिरत नाही, त्यामुळे जुन्या गिअरवर सपाट रस्त्यालाही गाडी लवकर दमल्यासारखी वाटे. तुमच्या गाडीत तर इंजिन, केबिन आणि चालक हे सगळे आधीच पुढच्या आसावर आहेत; रिकाम्या हौद्याने ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना मागची चाके हलकी पडणारच. त्यात पुढे आणखी वजन टाकणे मला योग्य वाटत नाही. वर्षातून काहीशे किलोमीटरच चालवणार असाल तर डिझेलने वाचलेले पैसे ते बसवण्याचा खर्चही भरून काढणार नाहीत.

कागदपत्र_आधी

वरची सगळी चर्चा वाचली. या निर्णयात कागदपत्रांचा वाटा सर्वांत मोठा आहे, आणि तो अजून कोणी मांडलेला नाही.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेले, मूळ स्वरूपात जपलेले वाहन त्यात बसते. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला असेल तर बसत नाही. म्हणजे डिझेल इंजिन बसवले की हा रस्ता बंद झाला. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते, त्यानंतरच्या नूतनीकरणाची ५,००० रुपये. ज्यांची नोंदणी आधीपासून आहे त्यांना आपला जुना क्रमांक ठेवता येतो. या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते.

तुमच्यासाठी अडचण वेगळीच आहे. या नियमाचा रोख खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांवर आहे. तुमच्या आरसी पुस्तकावर ‘मालवाहू’ अशी नोंद असेल तर तो आपोआप लागू होणार नाही. म्हणून वेल्डिंगला हात लावण्याआधी पुस्तकाची प्रत घेऊन नाशिकच्या आरटीओ कार्यालयात जा, आणि हा प्रश्न लेखी विचारून उत्तरही लेखी घ्या. त्याआधी गाडी आजोबांच्या नावावरून वारसाच्या नावावर करावी लागेल, त्यासाठी फॉर्म ३१ असतो. थकलेल्या कराचा हिशेबही त्याच वेळी मागून घ्या.

आणि एक विनंती आहे. चेसिस आणि इंजिन यांच्यावरचे ठोकलेले क्रमांक आधी शोधा, त्यांवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या आणि ती जागा टेपने झाका. गंज काढण्याच्या भरात ग्राइंडरने क्रमांकच घासून टाकलेली एक गाडी मला माहीत आहे. तिचे काम अप्रतिम झाले, पण ती आजही घराच्या आवाराबाहेर पडू शकत नाही.

निफाडची_शेड

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला अकरा दिवस लागले, कारण त्यातले दहा दिवस तेल मुरण्याची वाट पाहत होतो. काल संध्याकाळी फ्लायव्हील बोटभर हलले, आणि आज सकाळी वडिलांनी स्वतः पान्हा धरून इंजिन पूर्ण एक फेरी फिरवले. आरटीओ कार्यालयात अर्ज देऊन पोच घेतली आहे. पुस्तकावर ‘मालवाहू’ हीच नोंद आहे, त्यामुळे उत्तर येईपर्यंत केबिनचा एकही पत्रा कापणार नाही. डिझेलचा विचार सोडला आहे.

कार्ब्युरेटर उतरवला, दडलेला बोल्ट सापडला, हेड निघाले. भेग दिसत नाही. मात्र तिसऱ्या सिलिंडरचा खालचा व्हॉल्व्ह वर उचललेल्या स्थितीत अडकला आहे. आणि ब्रेक नेमके कधी हातात घ्यावेत?

उद्यमनगरचा_फिटर

वडिलांनी फेरी फिरवली हे वाचून फार बरे वाटले.

व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो त्या गाइडमध्ये तो गंजाने धरला आहे. ब्लॉकच्या बाजूचे झाकण काढा, दांड्याभोवती वरून आणि खालून गंज सोडवणारे तेल सोडा आणि दोन दिवस थांबा. मग व्हॉल्व्हच्या डोक्यावर पितळेचा तुकडा ठेवून हलके ठोके द्या. थोडा खाली गेला की खालून परत वर ढकला, पुन्हा तेल, पुन्हा खाली. वर-खाली सहज होईपर्यंत हेच चालू ठेवा, एका दमात बसवू नका. नंतर सगळे व्हॉल्व्ह काढून गाइड साफ करा आणि बैठका घासून घ्या.

ब्रेक इंजिन सुरू करण्याआधी हातात घ्या, म्हणजे गाडी पहिल्यांदा हलेल तेव्हा ती थांबवताही येईल. चारही चाकांना ड्रम आहेत. या काळच्या गाड्यांत सर्व चाकांना तेल पोहोचवणारी वाट एकच असते, त्यामुळे एक सिलिंडर गळला की पेडल पूर्ण रिकामे जाते. चारही व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरचे रबर, लवचीक होस आणि लोखंडी नळ्या एकदमच नव्या घाला. जुनी एकही नळी ठेवू नका. तसेच हल्ली पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. ते जुने रबर फुगवते आणि ओलावा धरते, म्हणून गाडीतल्या इंधन पंपाचा पडदा आणि इंधनाचे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घ्या, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तेव्हा टाकी रिकामी करून ठेवा. व्हॉल्व्ह सुटला की बोअरची मापे इथेच लिहा; पिस्टन कोणत्या मापाचे लागतील ते सांगतो.