ओटीजी ओव्हन लावला की ईएलसीबी पडतो, काय करावं?

परभणीहून लिहितोय. ओटीजी पावसाळाभर माळ्यावर पडून होता, काल नानखटाईसाठी काढला तर बटण दाबलं की ईएलसीबी (करंट लीक झाला की लाईट तोडणारा स्विच) खाली पडायलाय अन् सगळं घर अंधारात. दुसऱ्या पॉइंटला लावला तरी तेच, मिक्सर इस्त्री मात्र मस्त चालायलेत. भंगारात द्यावा का?

— भंगारात कामून? एमसीबी (जास्त लोड किंवा शॉर्टला पडणारा स्विच) नाही, ईएलसीबी पडतोय म्हणजे करंट बॉडीत लीक व्हायलाय, घरचा ईएलसीबी साधारण 30 मिलीअँपिअर एवढ्याशा लीकवरच पडतो. तापणाऱ्या रॉडमधली मॅग्नेशियम ऑक्साईडची पावडर ओल धरते. आधी प्लग काढा, बाजूचा पत्रा खोला, रॉडच्या दोन्ही वायरी सोडवा अन् मल्टीमीटर ओहमच्या मोठ्या रेंजवर ठेवून एक पिन रॉडच्या टोकाला, दुसरी बॉडीच्या स्क्रूला. एक मेगाओहमच्या खाली आलं की तोच रॉड चोर.

— अन् कोणी अर्थिंगची वायर काढा म्हणलं तर त्याचं ऐकू नका बरं. आमच्याकडं एका मिस्त्रीनं तेच केलं, हँडलला हात लावला की झिणझिण्या.

— (विचारणारा) खालचा रॉड निघाला, टोकाचा चिनी मातीचा मणी तडकलेला. दोन दिवस उन्हात ठेवलं तरी रीडिंग तेच, मग तेवढ्याच वॅटचा नवा टाकला. चालायलंय. पहिली नानखटाई करपली, ते वेगळं.