शाळेत न गेलेल्या आजी-आजोबांना स्मृतिभ्रंशाची कोणती चाचणी द्यावी?

माणदेशी:
माण तालुक्यात जनरल प्रॅक्टिस आहे. सुना सांगतात, आत्याबाई दूध चुलीवर ठेवून विसरतात, तेच तेच विचारतात. एमएमएसई (स्मरणशक्ती, लक्ष वगैरे तपासणारी 30 गुणांची चाचणी) छापून ठेवलीय, पण निम्मे पेशंट अंगठेबहाद्दर. शंभरातून सात वजा करा म्हटलं की गप्प. मोका ही तशीच दुसरी चाचणी बरी पडेल का? ओपीडीत दहा मिनिटंही मिळत नाहीत.

शुभदा_मानसशास्त्र:
या पेशंटना मोका नकोच. त्यात घनाची आकृती आणि घड्याळ काढायचं असतं. बारा किंवा कमी वर्षं शिकलेल्याला एक गुण वाढवून मिळतो, पण कधी पेन्सिलच न धरलेल्या बाईला त्या एका गुणाचा काय उपयोग? माझ्याकडे आलेल्या एका आजींना तारीख सांगता येईना. एकादशी कधी आणि बाजार कुठल्या वारी, ते मात्र बिनचूक!

हीच अडचण ओळखून हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासासाठी एमएमएसईवरून एचएमएसई ही हिंदी चाचणी बेतली गेली. त्यात 'डोळे मिटा' हे वाचायला लावत नाहीत. मी करतो तसं करा, म्हणतात. सकाळ आहे की संध्याकाळ, असंही विचारतात. मात्र हिंदी प्रश्नांचं आपणच मराठी करून तेच गुण लावू नका. प्रमाणित आवृत्तीच वापरा.

माझा खरा भर आयक्यूकोड या प्रश्नावलीवर आहे. छोट्या आवृत्तीत 16 प्रश्न, तेही घरच्या माणसाला: दहा वर्षांपूर्वीच्या मानाने आता कसं? शिक्षणाचा परिणाम फार कमी. प्रत्येक उत्तराला 1 ते 5 गुण. सरासरी 3 म्हणजे फरक नाही, साधारण 3.3 ते 3.6 च्या पुढे गेली की नीट तपासणी करायची. सूनबाई बाकावर बसून भरू शकतात, तुमचा वेळ वाचतो.

आणि आधी कान तपासा. तीन शब्द ऐकूच आले नाहीत तर आठवणार कुठून? बी-12, थायरॉइड, झोपेच्या गोळ्या, नैराश्य हेही बघा.

मोका अगदी टाकाऊ नाही. एका निवृत्त मुख्याध्यापकांना एमएमएसईत 30 पैकी 28 पडले, पण घरी लाइट बिल दोनदा भरलं जात होतं. तिथे मोकाच कामाला आली.

कोपरगावची_सून:
डॉक्टर, एक विनंती. हे प्रश्न सासूबाईंच्या समोर विचारू नका. मला समोरच विचारलं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी "सगळं ठीक आहे" म्हणून मोकळी झाले. पुढे बरेच महिने कुणी काही तपासलं नाही. सुनेला वेगळं बोलवा.

माणदेशी:
हे ध्यानात ठेवतो, ताई. शुभदाताई, बरेच जण एकटे राहतात, मुलगा मुंबईला. फोनवर विचारलं तर?

शुभदा_मानसशास्त्र:
चालेल, पण तो किती वेळा येतो ते आधी विचारा. गणपतीला दोन दिवस येणाऱ्याला बदल दिसतच नाही. त्यापेक्षा शेजारी दिलेली लेक बरी. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली सूनही नको, तिने दहा वर्षांपूर्वीच्या आजी पाहिलेल्याच नसतात. आणि कुणीच नसेल तर एचएमएसई घ्या, सहा महिन्यांनी पुन्हा बोलवा.