स्लाव्हिया प्राग 2020-21 : चेक फुटबॉल लीगचा सर्वोत्तम हंगाम हाच का?

व्रशोवित्सेकर
34 सामने, 26 विजय, 8 बरोबरी, हार एकही नाही. 86 गुण. 1993 पासूनच्या स्वतंत्र चेक लीगमध्ये 2009-10 ला स्पार्टाही हरला नव्हता, पण 30 पैकी 14 सामने बरोबरीत सोडवून; त्यामुळे माझ्या मते हा तिथला सर्वोत्तम हंगाम.

सुरुवात आठवा. मधल्या फळीतला सोउचेक जानेवारीतच लंडनच्या वेस्ट हॅम क्लबला गेलेला. सप्टेंबरअखेर डेन्मार्कच्या मिड्टयूलंडने चॅम्पियन्स लीगच्या दारातून परत पाठवलं आणि लगेच बचावपटू त्सोउफलही वेस्ट हॅमला गेला. संघाचा कणा गेला म्हणावं अशी वेळ. पण प्रशिक्षक त्रपिशोव्स्कींनी ताबोर्स्कोसारख्या छोट्या क्लबातून आलेल्या सेनेगलच्या सिमाला उभं केलं, कुख्टाने 15 गोल मारले. शिवाय युरोपा लीगमध्ये इंग्लंडच्या लेस्टर आणि स्कॉटलंडच्या रेंजर्सना बाहेर काढून उपांत्यपूर्व फेरी, आणि घरचा कपही. गुरुवारी युरोप, रविवारी लीग, असं महिनोन्महिने चालूनही लीगमध्ये कुणी हरवू शकलं नाही.

पस्तिसावा सामना
आकडे मान्य, निष्कर्ष नाही. त्या वर्षी लीगचं स्वरूपच वेगळं होतं, ते तुम्ही सांगितलं नाहीत. 2018-19 पासून तिथे 16 संघ 30 फेऱ्या खेळतात आणि मग तक्ता फुटतो. वरचे सहा एकमेकांशी आणखी पाच सामने खेळतात, तळाचे सहा खालच्या लीगमधली घसरण टाळण्यासाठी झुंजतात. याला तिकडे 'नाडस्टावबा' म्हणतात, म्हणजे वर चढवलेला मजला. 2019-20 मध्ये कोविडमुळे तळाच्या गटाचे सामने पूर्णच झाले नाहीत, कुणाची घसरण झाली नाही, खालून मात्र दोन संघ वर आले. म्हणून 2020-21 ला 18 संघ आणि नाडस्टावबा रद्द.

याचा अर्थ काय? पहिल्या सहांतल्या प्रत्येकाशी मे महिन्यात, दमलेल्या पायांनी, तिसऱ्यांदा खेळायची वेळ स्लाव्हियावर आलीच नाही. त्याऐवजी वाट्याला आले ओपावा, प्रिब्राम, ब्रनो. तिघेही त्याच वर्षी खाली गेले. पुढच्या हंगामात नाडस्टावबा परतली आणि विजेतेपद गेलं प्लझेन्यला.

व्रशोवित्सेकर
संघ वाढले म्हणजे दर्जा घसरला, हे गृहीत का धरायचं? वर आलेल्या दोन संघांपैकी ब्रनो बुडाला, पण पार्दुबित्से सातवा आला! तोही स्वतःचं मैदान नियमात बसत नसल्याने घरचे सामने प्रागला, बोहेमियन्सच्या ड्योलिचेकवर खेळून. त्यांना लिंबूटिंबू म्हणणं मला तरी पटत नाही.

आणि हरण्याचा धोका तळाच्या संघांकडून कमी नसतो. जीव वाचवायला दहा जण गोलसमोर उभे राहतात, एका कॉर्नरवर सामना जातो. युरोपातून थकून परतलेला संघ नेमका अशाच ठिकाणी घसरतो. स्लाव्हिया बरोबरीत अडकला, पण हरला नाही.

लेटनाची पायरी
मी स्पार्टाची, म्हणजे स्लाव्हियाच्या प्रागमधल्याच प्रतिस्पर्ध्यांची, हे आधीच सांगते. तरी जळफळाटातून लिहीत नाही. हवं तर हंगाम अपराजित म्हणा, सर्वोत्तम म्हणू नका, कारण बहुतेक सामने रिकाम्या स्टँडपुढे झाले. आमच्या लेटना मैदानावर स्पार्टा-स्लाव्हिया डर्बीच्या दिवशी पाहुण्या बचावपटूला शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, चेंडू पायाशी आला की शिट्ट्यांनी कान फुटतात. त्या दडपणाखाली चुका होतात. 2020-21 ला तिथे प्रशिक्षकाचं प्रत्येक वाक्य ऐकू येत होतं. दुसरं, कुख्टाच्या 15 गोलांचं कौतुक केलंत, पण आमच्या ह्लोझेकनेही 15च मारले, दुखापतीने बरेच सामने बाहेर बसून, आणि वय अठरा! त्या वर्षीचा सर्वांत मोठा खेळाडू स्लाव्हियात नव्हता.

व्रशोवित्सेकर
ह्लोझेकबद्दल वाद नाही. रिकाम्या स्टँडचं मात्र उलटही आहे. मी तेव्हा स्लाव्हियाच्या ईडन मैदानापासून चालत दहा मिनिटांवर राहत होतो. सामन्याच्या संध्याकाळी रस्त्यात शुकशुकाट असायचा. ईडनची गर्जना ही स्लाव्हियाचीही ताकद होती आणि ती त्यांनाही मिळाली नाही. सगळ्यांचं सारखंच गेलं.

पंच नाही, प्रेक्षक
तुम्ही तिघंही एका गोष्टीला वळसा घालताय. रेंजर्सना बाहेर काढलं असं अभिमानाने लिहिलंत, पण 18 मार्चला ग्लासगोत त्याच सामन्यात स्लाव्हियाच्या कुदेलाने तोंडावर हात धरून रेंजर्सच्या कृष्णवर्णीय ग्लेन कमाराच्या कानात जे म्हटलं, त्याबद्दल युएफाने त्याला वंशद्वेषी वर्तनासाठी दहा सामन्यांची बंदी घातली. तो युरोलाही मुकला. वंशद्वेषी काही बोललो नाही, असं त्याचं म्हणणं होतं आणि क्लब त्याच्या पाठीशी राहिला. महिन्याभरात आर्सेनल प्रागला आला. सामन्याआधी त्यांचा लाकाझेत स्लाव्हियाच्या रांगेपुढे गुडघा टेकून त्यांच्याकडे रोखून बघत होता, आणि मग 0-4. हंगाम सर्वोत्तम ठरवताना हे बाजूला कसं ठेवता येईल?

पस्तिसावा सामना
ग्लासगोच्या त्याच सामन्यात रेंजर्सच्या रूफचा बूट आमचा नव्हे, स्लाव्हियाचा गोलकीपर कोलार याच्या तोंडावर बसला होता, तेही सांगा.

पंच नाही, प्रेक्षक
सांगते की. रूफला लाल कार्ड मिळालं, बंदीही झाली. कोलारच्या जखमेने कमाराला ऐकावं लागलेलं पुसलं जात नाही.

व्रशोवित्सेकर
हे मी लिहायला हवं होतं. तेव्हा आसपासचे स्लाव्हियावाले कुदेलाच्या बाजूने इतक्या खात्रीने बोलायचे की मीही मान डोलावली होती. त्याची आता लाज वाटते. युरोपातली ती वाटचाल मी पहिल्या पोस्टमधल्या कौतुकातून काढून टाकतो. 34 सामन्यांबद्दल मात्र अजून तेच म्हणेन. ते कुणाला पटत नसेल त्याने नाडस्टावबासकट अख्खा हंगाम न हरलेला एक संघ दाखवावा.

लेटनाची पायरी
तसा अजून एकही नाही. आमचाही नाही.