श्वास रोखण्याच्या संशोधनात भाग घ्यायचाय, सही करण्याआधी काय काय विचारू?

नमस्कार मंडळी. शनिवारपर्यंत कळवायचं आहे, म्हणून घाईने धागा काढतोय.

वय ४३, सातारा जिल्हा. आमच्याकडे पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवतात, मीही तसाच शिकलो. डबा सुटला की बुडी मारून तळाची माती मुठीत वर आणायची. दम अजूनही बऱ्यापैकी टिकतो. एका मेडिकल कॉलेजला अशी माणसं हवी आहेत. श्वास रोखून चेहरा गार पाण्यात बुडवायचा आणि हृदयाचे ठोके किती मंदावतात ते ईसीजीवर बघायचं. चेहऱ्याला गार पाणी लागलं की मेंदू व्हेगस नसेतून हृदयाला सावकाश चालायला लावतो, हातापायांच्या रक्तवाहिन्या आखडतात आणि रक्त मेंदू-हृदयासाठी राखलं जातं, असं तिथल्या मॅडमनी समजावलं. विहिरीत हे माझ्या अंगात कित्येकदा घडून गेलं असणार!

वडील छप्पन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. माझा दम हृदयाच्या अभ्यासाला कामी येणार असेल तर मला जायचंय.

पण अडलंय. बघायला गेलो तेव्हा टेबलावर प्लास्टिकचा टब होता, त्यात बर्फाचे तुकडे, कडेला दोऱ्याने अडकवलेला थर्मामीटर, पारा १२ वर. संमतिपत्र मात्र चार पानी इंग्रजीत. मदतनिसाने थेट शेवटचं पान काढून बोट ठेवलं, "इथे सही करा." मी कागद घरी घेऊन आलो. बीपीसाठी रोज मेटोप्रोलोल घेतो, ते कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. बायको म्हणते, "मामांचं तसं झालं, आणि तुम्ही मुद्दाम श्वास कोंडणार?"

गोळीमुळे धोका आहे का? काही झालं तर उपचार कोण करतं? ईसीजीत काही निघालं तर सांगतात का?

प्रतिसाद :
मी एका संस्थेच्या एथिक्स कमिटीवर (संशोधनात भाग घेणाऱ्यांचं हित जपणारी समिती) सामान्य नागरिक म्हणून बसते. गोळीचं आजच सांगा. मेटोप्रोलोल मुळातच ठोके मंद करते, त्यावर हा प्रयोग नको, आणि त्यांची मोजमापंही चुकतील. बहुधा तुम्हाला घेणार नाहीत. पण त्यासाठी गोळी मनाने बंद करू नका, अचानक सोडली तर हृदयावर उलटते.

आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे माहिती तुम्हाला कळेल त्या भाषेतच द्यावी लागते. कधीही माघार घेता येते, संशोधनामुळे इजा झाली तर उपचार मोफत. ईसीजीत काही निघालं तर काय करणार ते संमतिपत्रासोबतच्या माहितीपत्रकात लेखी असावं. नसेल तर त्या कॉलेजच्या एथिक्स कमिटीच्या सदस्य सचिवांना फोन करा, नंबर पत्रकावर असतो.

आणि विहिरीत एकट्याने सराव नको. बुडीआधी भराभर श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घ्यावासा वाटतच नाही आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो.

धागाकर्ता :
ताई, मनापासून आभार. मॅडमना फोन केला. गोळीचं ऐकताच नाही म्हणाल्या. वाईट वाटलं. मराठी पत्रक सोमवारी देणार आहेत. माझा बावीस वर्षांचा पुतण्या जायला तयार आहे, मी सोबत बसून त्याला पत्रक वाचून दाखवेन. त्याला लहानपणी दमा होता, आता काही त्रास नाही. तेही सांगायला हवं ना?