अनुभव धागा : आज बातमी काय, आणि फुटपाथवर मागणी कशाला?

इंदूरच्या खजूरी बाजाराजवळ मी फुटपाथवर जुनी पुस्तकं विकतो. सकाळी ताडपत्री अंथरून गठ्ठे लावले की बोहनी होईपर्यंत शेजारच्या चहाच्या टपरीवरचा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतो. दिवसभरात लोक काय मागणार, ते बरेचदा तिथेच कळतं.

६ फेब्रुवारी २०२२ चा रविवार घ्या. सकाळी लताबाई गेल्याची बातमी आली. १९२९ साली त्या इथेच, शीख मोहल्ल्यात जन्मल्या, म्हणून इंदूरला घरातलंच माणूस गेल्यासारखं झालं. दुपारपासून एकेक जण यायला लागला. "भिया, लताजी का कुछ है क्या?" गाण्यांचं पुस्तक, जुन्या सिनेमासिकाचा अंक, फोटो असलेलं एखादं सुटं पान, काहीही चालत होतं. एका आजोबांना फाटक्या अंकातलं अर्धं पान हवं होतं. त्याचे पैसे मी घेतले नाहीत. बाकी सगळं रोजच्या भावाने दिलं. कलाकार गेला त्या दिवशी भाव चढवायचा नाही, ही वडिलांची शिस्त आणि मलाही ती पटते.

आमच्या इंदूरचे शायर राहत इंदौरी साहेब गेले ११ ऑगस्ट २०२० ला, ऐन करोनात. बाजार धड उघडलेला नव्हता. तरी नंतर कितीतरी दिवस कॉलेजची पोरं देवनागरीतली शायरी शोधत येत होती. ज्यांनी आधी कधी कवितेचं पुस्तक हातात धरलं नव्हतं, तीसुद्धा. बातमीने आलेलं गिऱ्हाईक बातमीबरोबर जातं असं म्हणतात. त्यांतले काही अजून येतात.

तुमच्या आठवणी लिहा. बातमी, सिनेमा, गायक यांच्यामुळे फुटपाथवरून काय घरी आलं?

रामबागहून
आमच्या लहानपणी टॉकीजबाहेर गाण्यांच्या चोपड्या मिळायच्या. चार-आठ पानं, पातळ कागद, वर नायिकेचं चित्र. आत सगळी गाणी आणि सिनेमाची थोडक्यात गोष्ट. गोष्ट ऐन रंगात आली की खाली छापलेलं असायचं, पुढचं पडद्यावर पाहा! सिनेमाला जायची परवानगी आम्हा मुलींना क्वचित मिळे, चोपडी मात्र काका आणून देत. रेडिओवर गाणं लागलं की चोपडी उघडून बरोबर म्हणायचं. मला हिंदी वाचायची गोडी तिथूनच लागली. शाळेच्या पुस्तकातून मुळीच नाही. कुणाकडे अजून असतील तर फेकू नका.

जेल रोडहून
१३ ऑक्टोबर १९८७. किशोरकुमार गेले. ते खंडव्याचे, शिकले आमच्या ख्रिश्चन कॉलेजात. त्यांच्या गाण्यांची पुस्तकं दुसऱ्या दिवशी फुटपाथवर शोधूनही मिळेनात. मला एक मिळालं, कव्हर नसलेलं. अजून आहे.

लोकमान्यनगरहून
भाऊ, भाव न चढवण्याच्या बाबतीत मी तुमच्याशी सहमत नाही. पावसाळ्यात तुमचे गठ्ठेच्या गठ्ठे भिजतात तेव्हा नुकसान कोण भरून देतं? वर्षातले चार दिवस मागणी येते, तेव्हा दहा रुपये जास्त घेतले तर त्यात पाप कसलं? दुकान टिकलं तरच पुस्तकं टिकतील.

*(काका, मागणी परीक्षेची असेल तर मीही दोन पैसे जास्त घेतो. शोकात आलेल्या माणसाकडून घेववत नाही.)*

भंवरकुव्याहून
मी मूळची बऱ्हाणपूरची, इथे राज्यसेवेची तयारी करते. आमच्यासाठी बातमी म्हणजे जाहिरात निघाली का आणि सिलॅबस बदलला का, एवढीच. २०२३ मध्ये मऊगंज, मैहर आणि पांढुर्णा हे जिल्हे झाले आणि मध्य प्रदेशचे जिल्हे ५२ चे ५५ झाले. त्या दिवसापासून सामान्य ज्ञानाची जुनी पुस्तकं आमच्या उपयोगाची राहिली नाहीत. पण इतिहासाचं जुनं पुस्तक मी मुद्दाम फुटपाथवरूनच घेते. आधीच्या मुलाने पेन्सिलने खुणा केलेल्या असतात, प्रश्न कोणत्या वर्षी आला तेही समासात लिहिलेलं असतं. क्लासची फी न परवडणाऱ्या आमच्यासारख्यांना तोच शिकवणारा. त्याचं पुढे काय झालं असेल, हे मात्र मनात येतंच.

नारायणबागेतून
दादा, आमच्या घरी सासऱ्यांची मराठी पुस्तकं आहेत. दिवाळी अंक, नाटकं, चांदोबाचे बांधलेले अंक. मुलं मराठी बोलतात, वाचत नाहीत. घर रिकामं करायचं आहे. रद्दीवाला किलोने मागतोय, माझं मन होत नाही. तुम्ही घ्याल का?

*(वहिनी, किलोने देऊ नका. इंदुरातल्या जुन्या मराठी घरांतून अशीच पुस्तकं निघतात आणि मी गाठायच्या आत त्यांचा लगदा होतो, याचं मला फार वाईट वाटतं. गिऱ्हाईक आहे, हे खात्रीने सांगतो. चांदोबा तर चाळिशी-पन्नाशीतली माणसं बघताक्षणी उचलतात. आधी महाराष्ट्र साहित्य सभेत विचारा, त्यांना हवी ती त्यांनी ठेवावीत. उरलेली मी घेईन. दिवाळी अंक वर्षवार बांधा, सुतळी करकचून आवळू नका, कडा कापल्या जातात. नाटकांत जुन्या प्रयोगांची तिकिटं किंवा हस्तपत्रकं सापडली तर तशीच आत राहू द्या. मी सोमवारी दुपारनंतर रिक्षा घेऊन येऊ शकतो.)*