डिकीतील दुसरी बॅटरी प्रवासात सुरक्षितपणे चार्ज कशी करावी?

सह्यवाट (प्रश्न):
नमस्कार. आम्ही कुटुंबीय भंडारदरा, पवना अशा ठिकाणी तंबूत मुक्काम करतो आणि येत्या दिवाळीच्या सुट्टीत कोकण किनाऱ्याने आठवडाभर फिरण्याचा बेत आहे. बारा व्होल्टचा छोटा फ्रिज, दिवे, कॅमेरा आणि फोन यांच्यासाठी डिकीत वेगळी बॅटरी ठेवावी असे वाटते. गाडी डिझेल एसयूव्ही, बीएस-६ प्रदूषण-मानकाची आहे. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी बदलायची आहे, तीच इथे वापरता येईल का? ओळखीच्या वायरमनचे म्हणणे असे, की मूळ बॅटरीपासून जाड वायर मागे ओढली की काम झाले. त्यात काही धोका आहे का?

ओहमकार:
ट्युब्युलर बॅटरीचा विचार सोडून द्यावा. तिचे वजन पन्नास किलोच्या पुढे असते, घाटातील वळणांवर आतले आम्ल हिंदकळते आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत या वायूचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवर गेले की एखादी ठिणगीही स्फोटाला पुरते. आणि एसयूव्हीची डिकी म्हणजे प्रवाशांच्या बसण्याच्या जागेचाच भाग. त्याऐवजी १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्यावी. तिचे वजन दहा-बारा किलोच्या आसपास असते, मात्र तीही पट्ट्याने घट्ट बांधलेली हवी.

आता वायरविषयी. नुसती वायर जोडल्यास दोन्ही बॅटऱ्या कायमच्या समांतर राहतात, म्हणजे रात्रभर फ्रिज चालला की सकाळी गाडीही सुरू होत नाही. शिवाय लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध अतिशय कमी असल्याने रिकामी असताना ती अल्टरनेटरकडून (इंजिनच्या जोरावर वीज तयार करणाऱ्या यंत्राकडून) मिळेल तेवढा करंट ओढते. इंजिन आयडलिंगवर, म्हणजे गाडी उभी ठेवून नुसते सुरू, असते तेव्हा अल्टरनेटरचा पंखाही मंद फिरतो, त्यामुळे नेमक्या त्याच वेळी तो तापून निकामी होण्याची शक्यता असते. जुन्या गाड्यांत व्होल्टेज पाहून जोडणी करणारा रिले चालत असे: साधारण १३.३ व्होल्टला जोडणार, १२.८ च्या आसपास तोडणार. बीएस-६ काळातील अनेक गाड्यांमध्ये मात्र इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचे व्होल्टेज चालत्या गाडीत खाली-वर केले जाते. ते खाली आले की रिले गोंधळतो आणि दुसरी बॅटरी अर्धवटच भरते.

म्हणून तुमच्या गाडीला डीसी-टू-डीसी चार्जरच योग्य ठरेल. तो येणारे व्होल्टेज कमी-जास्त असले तरी बॅटरीला हवे तेवढे, म्हणजे लिथियमसाठी १४.२ ते १४.६ व्होल्ट, देतो आणि करंटवर मर्यादा ठेवतो. २० अँपिअरचा पुरे. इग्निशनची बारीक तार त्याला जोडली की इंजिन बंद होताच चार्जिंग थांबते. वायर मात्र १० चौरस मिलिमीटरची वापरावी. बोनेटपासून डिकीपर्यंत जाऊन-येऊन दहा मीटर धरले, तर ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत जवळपास एक व्होल्ट वाटेतच उष्णता होऊन जातो. १० च्या वायरीत त्याच्या निम्म्याहून कमी.

फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकाशी, वीतभर अंतराच्या आत, हवा. अनेक वायरमन एकच बसवतात. पण वायर मध्येच कुठे पत्र्याला घासली तर करंट दोन्ही बाजूंनी धावतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही. वीस अँपिअरच्या चार्जरला साधारण ३० ते ४० अँपिअरचा फ्यूज लागतो. नेमका आकडा चार्जरच्या माहितीपत्रकातून घ्यावा. इंजिन आणि केबिन यांमधील पत्र्यातून वायर नेताना भोकात रबरी ग्रोमेट (कडेला वायर घासू न देणारे कडे) बसवावे. मूळ बॅटरीच्या ऋण टोकावर करंट मोजणारा सेन्सर असेल, तर ऋण वायर त्या टोकाला न जोडता चेसिसला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) जोडावी, नाहीतर गाडीच्या संगणकाला चुकीचा हिशेब मिळत राहतो. हे काम करण्यापूर्वी वॉरंटीच्या अटी वाचणे आलेच.

मुक्कामपोस्ट:
वरील सर्व बरोबर आहे, पण शनिवार-रविवारच्या सहलींसाठी इतका खटाटोप हवा का? छोटा फ्रिज सावलीत ठेवला आणि तो सरासरी दोन अँपिअर घेतो असे धरले, तर दिवसाला ४८ अँपिअर-अवर होतात. म्हणजे १०० ची बॅटरी घरी योग्य चार्जरवर पूर्ण भरून नेल्यास दोन दिवस निभावतात आणि गाडीच्या वायरिंगला हातही लावावा लागत नाही. माझे मत असे, की जी जोडणी केलीच नाही तिच्यातून आग लागत नाही. लायटरच्या सॉकेटमधून मोठी बॅटरी भरण्याचा नाद मात्र कोणी करू नये. बहुतेक गाड्यांत ते सॉकेट १२० वॅटपर्यंतचेच असते.

टॉर्चवाला:
लहान बॅटऱ्यांबद्दल थोडे. कॅमेऱ्याच्या आणि टॉर्चच्या १८६५० (बोटाएवढ्या गोल लिथियम-आयन) सेल गाडी चालत असताना आणि एसी चालू असताना चार्ज कराव्यात, चार्जर अंथरुणाच्या गाठोड्यावर न ठेवता कडक पृष्ठभागावर ठेवावा. लिथियम-आयन सेलला चार्जिंगसाठी साधारणतः ० ते ४५ अंश सेल्सिअसची मर्यादा असते आणि मे महिन्यात काजवे पाहायला जाताना उन्हात उभी केलेली गाडी ती सहज ओलांडते. सुट्या सेल प्लास्टिकच्या डबीत ठेवाव्यात. खिशात किल्ल्यांबरोबर ठेवल्यास शॉर्ट होतात. फुगलेली बॅटरी चार्ज करण्याचा मोह टाळावा. काही गाड्यांत इग्निशन बंद केल्यावरही सॉकेट चालू राहते, तेही एकदा तपासून घ्यावे.

सह्यवाट:
सर्वांचे आभार. नेहमीच्या सहलींना घरून भरलेली बॅटरी पुरेल, हे पटले. कोकणात मात्र आठवडाभर विजेचा भरवसा नाही, त्यामुळे डीसी-टू-डीसी चार्जर बसवणार आहे. दोन शंका उरल्या: चार्जर बोनेटखाली बसवावा की मागे? आणि एका जागी मुक्काम लांबला, तर तासभर इंजिन सुरू ठेवून बॅटरी भरणे योग्य ठरेल का?

ओहमकार:
चार्जर मागेच, दुसऱ्या बॅटरीजवळ आणि हवा खेळेल अशा जागी बसवावा. बोनेटखालच्या उष्णतेत बहुतेक चार्जर स्वतःच करंट कमी करतात. उभ्या गाडीत इंजिन चालवून फारसे काही साधत नाही: तासाभरात जेमतेम २० अँपिअर-अवर भरतात, डिझेल जळते आणि तंबू जवळ असेल तर धुरातील विषारी वायू आत शिरण्याचा धोका असतो. त्यापेक्षा मुक्काम बदलताना होणारा दोन-तीन तासांचा प्रवास धरून फ्रिजचा वापर आखावा, किंवा ज्या गावात जेवायला थांबाल तिथे विचारून घरगुती चार्जर लावावा. काम पूर्ण झाल्यावर पहिल्या प्रवासात अर्ध्या तासाने गाडी थांबवून इंजिन बंद करावे आणि फ्यूजहोल्डर व लग (वायरीच्या टोकाला बसवलेली धातूची कडी) हाताने चाचपून पाहावेत. चार्जर कोमट लागणे ठीक आहे, पण एखादा सांधा हाताला चटका देत असेल तर तो सैल बसला आहे. तो पुन्हा क्रिंप केल्याशिवाय (दाबून घट्ट बसवल्याशिवाय) चार्जर सुरू करू नये.